अंड्यांपुढची रिकामी जागा

३ मार्च

प्रिय मामा,

काल फोन केला होता. मामीनं तुझ्या हातात दिला, तू सात वेळा "काय?" म्हणालास आणि शेवटी "बरं, जेवून घे" म्हणून ठेवून दिलास. मी पक्ष्याबद्दल विचारत होते. तेव्हा आता पत्रच बरं, म्हणजे माझा घसा शाबूत राहील.

काम असं आहे. आमचं प्राणी-संवर्धन केंद्र वर्षातून एकदा सगळ्यांना बघायला उघडतात. त्यासाठी मुख्य बाईंनी मला एक मोठा फळा करायला सांगितलाय. त्यावर दोन रकाने. डावीकडे एक जीव जो कायमचा संपला, उजवीकडे एक जो संपत आलाय. उजवीकडे अर्थात आमचा सॅलॅमँडर. डावीकडे काय घ्यावं म्हणून सगळे डोकं खाजवत बसले होते, तेव्हा मी ऐटीत म्हटलं, शीळकरी घ्या. शेवटचे शीळकरी ज्यांनी सांभाळले ते माझे सख्खे मामा आहेत, चाळीस वर्षं संग्रहालयात पक्ष्यांत पेंढा भरत होते. बाई खूश. आता माझं नाक तुझ्या हातात आहे.

ओळी अशा: घर, खाणं, आवाज, अंडी, शेवटचा कधी दिसला, का संपला. शीळकरीचा रकाना तू भरून पाठव.

माझा रकाना तसा तयार आहे. सॅलॅमँडर म्हणजे पाल नव्हे, हे मी आईला अजून पटवू शकलेले नाही. बेडकाचा भाऊबंद तो. आमचा वीतभर, फिक्कट, अंधाऱ्या झऱ्यात राहणारा. तो झरा आटला. चार वर्षांत तिथे एकही सापडला नाही. आता जे काही आहे ते आमच्या तळघरातल्या काचेच्या टाकीत: रावसाहेब आणि बाईसाहेब. त्यांना नऊ वर्षांपूर्वी आणलं, तेव्हा मीच नोकरीत नवी होते. खोलीत कायम अंधार, लाल मिणमिणता दिवा, पाणी थंडगार. नियम एकच, हात लावायचा नाही आणि उजेड करायचा नाही. इतकं करून नऊ वर्षांत एक अंडं नाही. पण हे जीव सत्तर-ऐंशी वर्षं जगतात, त्यांना कसली घाई.

गंमत म्हणजे परवा एका आजीचं कार्ड आलं. तिच्या परसातल्या विहिरीत असाच एक आहे म्हणते, वीस वर्षांपासून. एप्रिलअखेर विहिरीवर काँक्रीटचं झाकण बसणार आहे, म्हणून घेऊन जा. वर लिहिलंय की त्याच्या पोटात तांदळाच्या कण्यांसारखं काहीतरी दिसतं. म्हणजे जंतच असणार. असला आजारी पाहुणा आमच्या टाकीत सोडला तर होते ते दोघेही जायचे. आणि आमच्याकडे जोडी आहेच. मी नकाराचं उत्तर लिहून ठेवलंय.

मामीला सांग, स्वेटर बसला. हात जरा लांब आहेत, पण मी वाढेन.

तुझी
पाणकोंबडी


११ मार्च

चि. पाणकोंबडी,

तुझं पत्र मिळालं. फोनवर तू पक्ष्याबद्दल विचारत होतीस होय? मला वाटलं पाव्हण्यांबद्दल. म्हणून जेवून घे म्हटलं.

रकाना भरून पाठवतो आहे. घर: नदीकाठची वेळूची बेटं. खाणं: किडे, अळ्या, हंगामात फळं. आवाज: चार सुरांची शीळ, शेवटचा सूर वर चढून मध्येच सोडून दिलेला. आपण वाट बघत राहावं आणि त्यानं पुढे काही बोलू नये, असं. मला आता दारावरची घंटा ऐकू येत नाही, पण ती शीळ अजून येते. शेवटचा कधी दिसला: एकेचाळीस वर्षांपूर्वी, आमच्या संग्रहालयाच्या मागच्या अंगणातल्या पिंजऱ्यात. का संपला: वेळू तोडले, काठ बांधून काढले. एवढं पुरे.

अंड्यांची ओळ कोरी ठेव. त्याबद्दल मला काही लिहायचं नाही.

तुझ्या तळघराचं वर्णन वाचलं. आम्हीही पिंजऱ्याला असंच जपायचो. दाण्याची वाटी ठेवताना श्वास धरून ठेवायचो. एक विचारू? रागावू नकोस, म्हातारपणी माणूस नाही त्या चौकशा करतो. तुझ्या बाईसाहेब बाईसाहेब आहेत, हे कोणी ठरवलं? कशावरून ठरवलं? आणि त्या विहिरीतल्याच्या पोटातल्या कण्या कोणी डोळ्यांनी बघितल्या का, की कार्ड वाचूनच जंत झाले?

आजीला उत्तर धाडलं नसशील तर जरा थांब.

तुझा मामा

ताजा कलम. मी मामी. यांनी हे पत्र चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिलंय. फळा कसला करतेस ग, की माणूस चहा गार होईपर्यंत खिडकीशी बसून राहतो? हात लांब असले तर दुमडून शिव, मी आता उसवणार नाही.


१९ मार्च

प्रिय मामा,

रकान्याबद्दल आभार. शिळेचं वर्णन बाईंना फार आवडलं.

बाकीच्याबद्दल खरं सांगू? थोडी खट्टू झाले. मी तुझ्याकडे पक्षी मागितला आणि तू माझीच परीक्षा घेतलीस. बाईसाहेब कोणी ठरवल्या म्हणतोस, तर मी ठरवल्या. ह्या जातीत मादी अंगानं मोठी असते, आणि दोघांत एक चांगली दोन बोटं मोठी आहे. टाकीवरच्या पाट्या माझ्या हातच्या आहेत. बाईंनी तेव्हा विचारलं होतं, खात्री आहे का, तर मी म्हटलं होतं, शंभर टक्के. नऊ वर्षांत कोणी शंका घेतली नाही. आता तू पत्रातून घेतोस, तेही न बघता.

आजीला उत्तर गेलं. त्याच दिवशी टाकलं होतं. आम्ही टाकीत बाहेरचं पाणीसुद्धा जाऊ देत नाही, मग जनावर कसं घ्यायचं?

फळ्याखाली दोन वाक्यं लिहायची आहेत. मी असं लिहिलंय: "शीळकरी संपत होता तेव्हा त्याच्यासाठी कोणी फारसं काही केलं नाही. सॅलॅमँडरसाठी मात्र आपण सगळं काही करतो आहोत." तुझ्याबद्दल नाही हं ते, त्या काळच्या लोकांबद्दल आहे. चालेल ना? आणि अंड्यांची ओळ कोरी ठेवून कसं चालेल? येणारी मुलं पहिलं तेच विचारतात.

पाणकोंबडी


२७ मार्च

बाळ,

चालणार नाही. ते पहिलं वाक्य खोडून टाक. शीळकरीसाठी आम्ही पुष्कळ केलं. पुष्कळ करणाऱ्यांकडूनच तो गेला. हे मी तुझ्या मामीलाही कधी सांगितलेलं नाही, म्हणून हात अडखळतो आहे. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. नदीकाठी एकाच जाळ्यात दोन शीळकरी सापडले आणि आमच्याकडे आले. त्या पक्ष्यात नर-मादी दिसायला तंतोतंत सारखे, पिसाचाही फरक नाही. नर गातो, एवढीच खूण. दोघांतला एक पहिल्याच आठवड्यात गायला लागला. दुसरा गप्प. साहेबांनी विचारलं, काय वाटतं? मी म्हणालो, गातो तो नर, गप्प ती मादी, आपल्याला जोडी मिळाली. पिंजऱ्यावर पाट्या मी लावल्या. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. मी महिनाभर हवेत होतो.

दोन वसंत गेले. आम्ही गवत ठेवलं, सुतळीचे धागे ठेवले, घरट्याला टोपली बांधली. काही नाही. साहेब म्हणायचे, सवय होऊ दे त्यांना.

दुसऱ्या वसंतात एक शिंपी आला. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान. अस्तराच्या कापडात गुंडाळलेला पिंजरा घेऊन आला, आत शीळकरी. लेकीनं पिल्लू असताना वेळूखालून उचललेला. म्हणाला, "साहेब, हा कधी गात नाही. गात नाही म्हणजे मादी असेल ना? तुमच्याकडे नर आहे म्हणे." तो बोलत असतानाच अंगणातला आमचा नर गायला लागला, आणि त्या पिंजऱ्यातल्या पक्ष्यानं मान वळवून तिकडे पाहिलं. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं. साहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुझी खात्री आहे ना? नाहीतर हिला ठेवून घेऊ." मला वाटलं, ठेवून घेतली म्हणजे माझ्या पाटीवर विश्वास नाही असा अर्थ झाला. मी म्हणालो, शंभर टक्के. आणि बाहेरच्या पक्ष्याच्या अंगात पिसवा असतात, रोग असतो, आपली जोडी जायची. जे तू लिहिलंस तेच, शब्दाला शब्द. शिंप्यानं पिंजऱ्यावर पुन्हा कापड घातलं आणि तो गेला.

त्यापुढच्या वर्षी, थंडी सरताना, गाणारा मेला. अंगण शांत झालं. बाराव्या दिवशी सकाळी मी वाटी धूत होतो आणि ती शीळ ऐकली. चारही सूर. आधी वाटलं, बाहेर कोणी रानातला आला, म्हणून कुंपणापर्यंत धावत गेलो. कुंपणाशी उभा असताना ती पुन्हा आली, पाठीमागून, पिंजऱ्यातून. आमची मादी गात होती. तोही नरच होता. एका पिंजऱ्यात दोन नर असले की दुबळा दबून गप्प राहतो, हे मला ठाऊक असायला हवं होतं. धंदाच होता माझा.

तसाच शिंप्याकडे गेलो. तो मशीन चालवत होता. त्यानं मान वर केली नाही. म्हणाला, दोन महिने झाले, गेली ती. मग खणातून पत्र्याची डबी काढली, बटणं ठेवायची. आत कापसावर तीन अंडी, निळसर, करंगळीच्या पेराएवढी. "तुमच्याकडून परत नेली त्या वसंतात दोनदा घातली, तीन-तीन. आठ-दहा दिवस बसायची, मग सोडून द्यायची. ही शेवटची." मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

पिंजऱ्यातला दुसरा त्याच साली गेला. पेंढा मीच भरला. पोट उघडल्यावर कोणालाही कळेल असं नरपण समोर दिसत होतं. पायाला चिठ्ठी बांधली आणि तिच्यावर लिहिलं, मादी. साहेब तोवर निवृत्त झाले होते, विचारणारं कोणी नव्हतं. त्याची मला अजून लाज वाटते.

ती डबी माझ्या कपाटात आहे. म्हणून म्हटलं, अंड्यांची ओळ कोरी ठेव.

आता तू मला काय म्हणायचं ते म्हण. पण त्या दोघांना उजेडात धरून बघ. आणि आजीकडे जा.

मामा


२८ एप्रिल

मामा,

महिना होऊन गेला, उत्तर दिलं नाही. आधी आला राग. एकेचाळीस वर्षं तू गप्प बसलास, संग्रहालयाच्या खणात खोटी चिठ्ठी ठेवून, आणि आम्ही पोरं सुट्टीत आलो की त्याच खणासमोर उभं करून सांगायचास, हा नर, ही मादी. मी ते शाळेत निबंधात लिहिलं होतं. मग रागाखालची भीती वर आली, की मीही शंभर टक्के म्हटलंय. आणि राग आला तरी पत्र तर खिशातच होतं. कामावर जाताना रोज घडी उलगडायची, रोज मिटायची.

शेवटी तुला न विचारता ते बाईंना वाचून दाखवलं. तू रागावलास तरी चालेल. बाईंनी चष्मा पुसून पत्र स्वतः एकदा वाचलं. मग म्हणाल्या, कुत्र्यामांजरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलवा, त्यांच्याकडे पोट बघायचं यंत्र आहे. नऊ वर्षांत पहिल्यांदा आम्ही त्या दोघांना हातात घेतलं. डॉक्टरीणबाई मांजरीची तपासणी करावी तशा सहज म्हणाल्या, "हा नर. आणि हापण नर. हा फक्त खाऊन जाडा झालाय." बाईसाहेबांची पाटी मी स्वतः काढली. घरी येऊन रडले.

दुसऱ्या दिवशी आजीकडे. बसनं चार तास आणि पुढे चाल. झाकण दोन दिवसांनी बसणार होतं, लोखंडी सळ्या येऊन पडल्या होत्या. आजी म्हणाली, "नको म्हणालात ना? पत्र आलं तुमचं. आता कशाला?" मी म्हटलं, चुकलं माझं. ती म्हणाली, "बस मग," आणि आत निघून गेली. तासभर बसले. तिला खात्री करून घ्यायची होती की मी उठून जात नाही.

मग बाहेर आली, बादली सोडली, आणि बादलीत गांडूळ. म्हणाली, आता बोलू नकोस. आम्ही दोघी विहिरीच्या काठावर वाकून बसलो. पाठ मोडायची वेळ आली तेव्हा बादली वर आली आणि तळाशी तो होता. ती होती, मामा. आजीनं ओंजळीत धरून उन्हाकडे केली. पोटाची कातडी पातळ, आणि आत पांढऱ्या कण्या, ओळीनं. "दर वर्षी असतात," आजी म्हणाली. "मग एक दिवस नसतात. लिहिलं होतं की मी कार्डात." मी ते वाचलं होतं. वाचून जंत म्हटलं होतं.

आता ती वेगळ्या खोलीत, वेगळ्या पाण्यात. तीन महिने कोणाला भेटायचं नाही, असं ठरलंय. रोगराई असेल तर तोवर कळेल. इतकी साधी गोष्ट तेव्हा मला सुचली नाही, आणि तुलाही नाही. वेगळी खोली.

फळ्याखालचं पहिलं वाक्य खोडलं. तिथे काय लिहू ते तू सांग.

तुझी
पाणकोंबडी


६ मे

चि. पाणकोंबडी,

वेगळी खोली. आमच्याकडे कोळसा ठेवायची होती. रिकामीच असायची. हे वाचून मी उठून अंगणात दोन चकरा मारून आलो.

बाईंना वाचून दाखवलंस ते बरं केलंस. परवा मी संग्रहालयात गेलो. पक्ष्यांची खोली आता एक तरुण मुलगी सांभाळते, मला सर म्हणते. खण उघडून घेतला आणि म्हणालो, ही चिठ्ठी चुकीची आहे, मीच तशी लिहिली. तिला वाटलं मला भ्रम झालाय. तिनं जुनी वही काढली, मी सगळं सांगितलं. मग चिठ्ठी कापून काढावी म्हणून मी हात पुढे केला, तर तिनं माझा हात धरला. आमच्या कामाचा नियम मलाच शिकवला: जुनी चिठ्ठी काढायची नसते, तिच्या शेजारी नवी बांधायची. चूकही राहते आणि दुरुस्तीही राहते. नवी माझ्या हातानं लिहिली. "नर. आधी मादी लिहिले ते चूक. लिहिणारा मीच." खाली सही. गाठ मात्र तिनं मारली, माझ्या बोटांना आता ती जमत नाही.

फळ्यावर काय लिहायचं ते विचारतेस. जे झालं ते लिही, शिंप्यासकट.

सोबत डबी पाठवतो आहे. कापूस बदललाय. आपटू देऊ नकोस.

मामा

ताजा कलम. मी मामी. त्या डबीवरून मी चाळीस वर्षं मनात एका बाईला शिव्या घातल्या. वाटायचं, कोणाची तरी पत्रं असतील. विचारलं नाही, न जाणो खरंच असली तर. परवा उघडून दाखवली. तीन अंडी! माझा जन्मभराचा मत्सर फुकट गेला. आता रोज चहा गरम पितात.


१७ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझं गुडघ्याचं कळलं. मामीनं फोनवर सांगितलं. तू मागून "कोण आहे?" ओरडत होतास तेही ऐकलं.

म्हणून हे पत्र. ऑगस्टमध्ये तिला रावसाहेबांच्या टाकीत सोडलं. दुसऱ्या नराला वेगळ्या खोलीत हलवलं, जाड्याला. सप्टेंबरात काही नाही, थंडीतही काही नाही. मी कोणालाही शंभर टक्के म्हणाले नाही. परवा सकाळी लाल दिवा घेऊन वाकले, तर दगडाच्या खालच्या बाजूला मणी चिकटलेले, आणि ती त्यांना अंगाचं कडं करून बसलेली. बाई आणि मी, दोघींनी अंडी वेगवेगळी मोजली. चुकू नये म्हणून तिसऱ्यांदा विहिरीवाल्या आजीला बोलावून मोजायला लावली. तिला चष्म्याशिवाय दिसत नाही, पण आकडा तोच आला.

यातली किती फुटतील, किती जगतील, ठाऊक नाही. सगळी जातील असंही होऊ शकतं. मला आनंद झालाय आणि धास्तीही वाटते, दोन्ही एकदम.

गेल्या वर्षी अर्धवट म्हणून राहिलेला फळा आता मे महिन्यात भिंतीवर लागणार आहे. डबी त्याच्या खाली, काचेच्या पेटीत. अंड्यांच्या ओळीत डावीकडे लिहिलंय: "तीन. रिकामी. एका शिंप्यानं बटणांच्या डबीत जपलेली." उजवीकडे: "एकेचाळीस."

हो, एकेचाळीस. मीही आकडा बघून थबकले. त्यात काही अर्थ काढू नकोस, आजी म्हणते बेचाळिसावं दगडाच्या मागे असणार.

गुडघा बरा झाला की ये. बस थेट दारापर्यंत येते आता. फळ्यावर आवाजाच्या ओळीत आमच्या सॅलॅमँडरपुढे मी "नाही" असं लिहिलंय, त्याला आवाजच नसतो. त्यामुळे तुला ऐकू येत नाही म्हणून काही बिघडणार नाही. तळघरात माझ्या शेजारी स्टूल टाकून बसायचं आणि नुसतं बघायचं.

तुझी
पाणकोंबडी